मुलूखमैदान : दख्खनच्या काशाचा प्रवास

तांबे आणि कथील एकत्र वितळवून तयार होणारा मिश्रधातू म्हणजे कासे. मराठवाड्यातील मुखेड, कंधार, देगलूर आणि उदगीर या साऱ्या टापूत या दोन्ही धातूंच्या कामी येतील अशा खाणी नाहीत. तरीही या भागातील देवळांच्या घंटा, भजनी मंडळींचे टाळ आणि झांजा, तळपायाला तूप चोळण्याची काशाची वाटी व लग्नात आंदण म्हणून दिले जाणारे काशाचे ताट यांच्या रूपाने हा परका धातू घरोघरी आणि गावोगावी रुळलेला आहे. येथे सापडणारी काशाची प्रत्येक जुनी वस्तू कोठून तरी दूरवरून, बैलाच्या पाठीवर किंवा गाडीतून आलेल्या धातूची आहे. त्यामुळे दख्खनमध्ये काशाचा इतिहास सांगणे म्हणजे हा धातू गोळा करण्याची ऐपत कोणाकडे होती, तो ओतण्याचे ज्ञान कोणाकडे होते आणि सत्ता पालटल्यावर तो कोणाच्या हाती गेला, हे सांगणे होय.

या इतिहासात एक मोठी अडचण आहे. दगड फोडला की त्याचे तुकडे होतात, लाकूड जळून राख होते. कासे मात्र भट्टीत घातले की पुन्हा नवे होते. फुटलेले ताट मोडीत जाते आणि मोडीतून नवे ताट, नवी घंटा किंवा नवी तोफ घडते. म्हणून आज पाहायला मिळणारी प्राचीन काशाची वस्तू ही त्या काळातील सरासरी वस्तू नसून भट्टीतून निसटलेली वस्तू असते. काही वस्तू निसटल्या त्या पुरलेल्या होत्या म्हणून. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे १९७४ मध्ये एका भिल्ल शेतमजुराला सापडलेले बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा हे मिळून ६० किलोंहून अधिक वजनाचे चार पुतळे, नागपूर जिल्ह्यातील हमलापुरी येथील वाकाटककालीन बुद्धमूर्ती आणि अकोला जिल्ह्यातील राजनापूर खिनखिनी येथील जैन धातुमूर्ती, या सर्व मातीखाली राहिल्याने वाचल्या. (दायमाबादच्या पुतळ्यांच्या धातूत कथलापेक्षा अर्सेनिक, म्हणजे सोमल, लक्षणीय आढळला, त्यामुळे त्यांना शुद्ध अर्थाने कासे म्हणावे की नाही आणि त्यांचा काळ नेमका कोणता, यावर अभ्यासकांत मतभेद झाले.) काही वस्तू पूजेत होत्या म्हणून त्यांना कोणी हात लावला नाही. आणि एका वस्तूची गोष्ट या दोहोंपेक्षा निराळी आहे. ती उघड्यावर होती, शत्रूंच्या हाती पडत गेली, तिच्यात कित्येक टन धातू होता. तरीही ती वितळली गेली नाही, याचे मोठे कारण ती कोणालाच सहजी पेलवली नाही हे होय. ती वस्तू म्हणजे नगरच्या निजामशाहीत १५४९ मध्ये ओतलेली, मराठवाड्यातील परांड्याच्या किल्ल्यावर राहिलेली आणि आज विजापूरच्या बुरुजावर असलेली मुलूखमैदान तोफ.

सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर तोफांचे युग झपाट्याने अवतरले. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतले आणि १५२१ मध्ये निजामशाहीच्या परवानगीने चौल येथे कोट बांधला; त्यांच्या गलबतांवरील तोफा किनाऱ्यावरील प्रत्येक सत्तेला दिसत होत्या. दुसऱ्या बाजूने तुर्कांच्या उस्मानी साम्राज्यातील तोफखान्याचे जाणकार अरबी समुद्र ओलांडून येत होते. १५३८ मध्ये सुलेमान पाशाच्या आरमाराने दीवला वेढा घातला आणि तो उठवून परत जाताना मोठ्या तोफा मागे राहिल्या. जुनागढच्या उपरकोट किल्ल्यावरील नीलम तोफ ही १५३१ मध्ये इजिप्तमध्ये ओतलेली असल्याचे तिच्यावरील लेख सांगतो. अनातोलिया आणि इस्तंबूलकडून आलेल्या अशा माणसांना दख्खनमध्ये रूमी म्हणत, कारण जुन्या रोमन साम्राज्याच्या पूर्वेकडील त्या प्रदेशाला फारसीत रूम हे नाव होते. गुजरात, नगर आणि विजापूर येथील दरबारांत रूमीखान ही पदवी तोफखान्याच्या अधिकाऱ्यांना वारंवार मिळालेली दिसते. निजामशहाच्या पदरी असलेला मुहम्मद बिन हसन रूमी हा ओतारी याच प्रवाहातला होता आणि त्याचे नाव मुलूखमैदानवर आजही कोरलेले आहे.

त्या काळी तोफ दोन रीतींनी होत असे आणि या दोन रीतींमधील भेद समजल्याशिवाय काशाच्या तोफेचे मोल कळत नाही. पहिली रीत लोखंडाची. लोखंड पूर्णपणे वितळायला १,५३८ अंश सेल्सिअस इतके तापमान लागते. तेव्हाच्या भट्ट्यांत एवढ्या मोठ्या प्रमाणात ते साध्य होत नसल्याने लोखंडी तोफ ओतली जात नसे, तर घडवली जात असे. लोखंडाच्या लांब पट्ट्या उभ्या जुळवायच्या, त्यांच्यावर तापवलेली कडी चढवायची आणि कडी थंड होऊन आवळली की पट्ट्या घट्ट बसायच्या, अशी ती पद्धत. बिदरच्या किल्ल्यावरील बरीदशाही काळातील मोठ्या तोफा या रीतीचा उत्तम नमुना आहेत. या रीतीला लागणारे लोखंड जवळपास मिळत होते. नांदेडपासून गोदावरीच्या खालच्या अंगाला, निर्मळच्या परिसरातील कोनासमुद्रम येथील पोलाद इतके नावाजलेले होते की तलवारींसाठी ते विकत घ्यायला इराणचे व्यापारी तेथवर येत. लोखंडी तोफ स्वस्त पडे, पण तिचे सांधे हे तिचे दुबळे अंग होते, कारण दारूच्या स्फोटाचा जोर सांध्यांवर येऊन ती फुटण्याचा धोका असे.

दुसरी रीत काशाची. तांबे १,०८५ अंशांवर आणि कथील अवघ्या २३२ अंशांवर वितळते. दोन्ही एकत्र झाले की मिश्रण तांब्याहून कमी उष्णतेवर पातळ होते आणि साच्याच्या बारीकसारीक खाचांतही व्यवस्थित उतरते. काशाची तोफ त्यामुळे एकसंध असते, तिला सांधा नसतो, ती गंजून पोखरली जात नाही आणि तिच्या अंगावर लेख, वेलबुट्टी किंवा प्राण्याचे मुख ओतता येते. मात्र कथलाचे प्रमाण हा नाजूक विषय आहे. शंभर भागांत दहाच्या आसपास कथील असले की धातू चिवट होतो आणि धक्का सोसतो. तोफेला सामान्यतः हे प्रमाण मानवते. कथील वीस भागांच्या जवळ गेले की धातू कडक आणि नादमय, पण ठिसूळ होतो. घंटा, टाळ आणि झांज यांचे कासे हे असे असते. महाराष्ट्रातील गडांवरच्या अशा तोफांना लोक पंचरशी म्हणतात आणि त्यांत पाच धातू असल्याचे मानतात. मुलूखमैदानच्या धातूचे एकोणिसाव्या शतकात जे पृथक्करण नोंदले गेले, त्यानुसार तिच्यात सुमारे ८०.४ भाग तांबे आणि १९.६ भाग कथील आहे. म्हणजे पाच धातूंची नव्हे, तर दोनच धातूंची आणि तीही घंटेच्या जातीच्या काशाची ही तोफ आहे.

एवढी मोठी वस्तू एका दमात ओतणे किती बिकट होते, याचे त्या काळातील सर्वांत जिवंत वर्णन बाबराच्या आत्मचरित्रात आहे. १५२६ मध्ये आग्र्याला उस्ताद अली कुली या ओताऱ्याने साच्याभोवती आठ भट्ट्या मांडल्या होत्या आणि प्रत्येक भट्टीतून वितळलेला धातू पन्हळीने साच्यात येत होता. पण साचा भरण्यापूर्वीच धातूचा ओघ आटला. उस्ताद इतका खजील झाला की त्या वितळलेल्या धातूतच उडी घ्यायला निघाला. बाबराने त्याची समजूत काढली, त्याला मानाचा पोशाख दिला, आणि साचा थंड झाल्यावर उघडला तेव्हा गोळ्याची नळी निर्दोष उतरल्याचे दिसले. दारूचा कोठा मग निराळा ओतता आला. धातू अपुरा पडणे, भट्ट्यांची उष्णता सारखी न राहणे, मातीच्या साच्यात ओल राहून वाफेने तो फुटणे आणि मधला मातीचा गाभा हलणे, या साऱ्या संकटांतून तोफ पार पडली तरच ती तोफ होई. नाहीतर महिन्यांची मेहनत पुन्हा भट्टीत जाई.

मुलूखमैदानची मापे लक्षात घेता मुहम्मद बिन हसन रूमीच्या कसबाची कल्पना येते. तोफेची लांबी सुमारे १४ फूट ४ इंच, म्हणजे ४.३७ मीटर आहे. तोंडाशी तिचा बाहेरचा व्यास जवळजवळ ५ फूट आणि आतल्या नळीचा व्यास २ फूट ४ इंच आहे. तिचे वजन सुमारे ५५ टन मानले जाते आणि तिच्या मापांवरून केलेला हिशोबही त्याच्या जवळ येतो. त्या नळीत बसणारा काळ्या दगडाचा गोळा अर्ध्या टनाच्या आसपास भरेल. तोफेचे तोंड म्हणजे जबडा वासलेल्या सिंहाचे, काहींच्या मते सिंह आणि मगर यांच्या मिश्र रूपाचे, मुख आहे. त्याच्या सुळ्यांमध्ये एक लहानसा हत्ती चिरडला जात असल्याचे दाखवले आहे. दख्खनच्या रणांगणावर शतकानुशतके हत्ती हे सामर्थ्याचे चिन्ह होते; त्या हत्तीला जबड्यात धरणारे यंत्र आता आले आहे, ही घोषणाच त्या शिल्पातून केलेली आहे. तोफेवरील लेखांत पैगंबराच्या घराण्याविषयीची भक्ती, निजामशहाचे नाव, ओताऱ्याचे नाव आणि हिजरी सन ९५६ हे वर्ष आहे. तेव्हा राज्य करणाऱ्या बुऱ्हाण निजामशहाने १५३७ मध्ये शिया पंथ स्वीकारला होता, त्यामुळे ती भक्ती राज्याच्या नव्या धर्मनिष्ठेचीही खूण आहे.

मापांपेक्षाही बोलका आहे तो धातूचा हिशोब. ५५ टनांत वरील प्रमाणाने सुमारे ४४ टन तांबे आणि जवळपास ११ टन कथील होते. हे कथील मलायाच्या द्वीपकल्पाकडून, हजारो मैलांचा समुद्र ओलांडून हिंदुस्थानच्या बंदरांत येत असे. तांब्याचा मोठा पुरवठा त्या काळी पोर्तुगीजांच्या जहाजांतून युरोपातूनही होत होता. चौल हे निजामशाहीचे मुख्य बंदर होते आणि तेथून घाटवाटांनी माल नगरला चढे. एका तोफेसाठी अकरा टन कथील गोळा करायचे तर राज्याला केवळ शूर असून भागत नाही. त्याच्याकडे बंदर, व्यापारी, महसूल, वाहतूक आणि परदेशी कारागिरांना टिकवून धरणारा दरबार असावा लागतो. त्यामुळे मुलूखमैदान ही एका अर्थाने अवघ्या निजामशाहीच्या संपन्नतेची एका ठिकाणी गोठलेली बेरीज आहे, आणि युद्धात तिचा किती उपयोग झाला यापेक्षा ती ओतली जाऊ शकली, हीच तिची मोठी ऐतिहासिक साक्ष आहे.

२३ जानेवारी १५६५ रोजी कृष्णेच्या दक्षिणेस विजयनगर आणि दख्खनच्या सुलतानांची फौज यांच्यात जी लढाई झाली, ती तालिकोटची किंवा राक्षसतागडीची लढाई म्हणून ओळखली जाते. फिरिश्ता या इतिहासकाराने दिलेल्या वर्णनानुसार हुसेन निजामशहाचा तोफखाना चलबी रूमीखान याच्या हाताखाली होता आणि त्यात सहाशे तोफा तीन रांगांत मांडल्या होत्या : पुढे जड तोफा, त्यांच्यामागे मध्यम आणि शेवटी जंबुरके, म्हणजे फिरत्या खुंटीवरच्या हलक्या तोफा. शत्रू अगदी जवळ येईपर्यंत तिरंदाजांच्या आडोशाने तोफा झाकून ठेवल्या आणि ऐनवेळी तांब्याच्या नाण्यांच्या थैल्या ठासून त्या डागल्या, असे फिरिश्ता सांगतो. मुलूखमैदान या लढाईत होती, अशी परंपरा आहे. ५५ टनांची तोफ नगरहून कृष्णेपलीकडे नेऊन रणांगणावर फिरवणे हे इतके अवघड काम आहे की ही परंपरा जपूनच स्वीकारावी लागते. नाण्यांच्या थैल्यांचा तपशील मात्र काशाच्या इतिहासात मोलाचा आहे. तांब्याचे नाणे, तांब्याचे भांडे आणि तोफेतले तांबे यांच्यामध्ये त्या काळी कोणतीही भक्कम भिंत नव्हती. गरज पडेल तसा धातू एका रूपातून दुसऱ्या रूपात जात होता आणि त्या दिवशी तो पैशाच्या रूपातच शस्त्र झाला.

पुढे ही तोफ परांड्याच्या किल्ल्यावर आली. धाराशिव जिल्ह्यातील हा भुईकोट दुहेरी तटाचा, खंदकाने वेढलेला आणि नगर, सोलापूर व विजापूर यांच्या मधल्या वाटांवर नजर ठेवणारा आहे. १६०० मध्ये मोगलांनी नगरचा किल्ला घेतला, तेव्हा मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तजा निजामशहाला गादीवर बसवले आणि परांडा ही काही काळ राजधानी झाली. अंबरच्या १६२६ मधील मृत्यूनंतर निजामशाही झपाट्याने खचली आणि आज मराठवाडा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशातील किल्ले एकामागून एक पडू लागले. १६३१ च्या मे महिन्यात मोगल सरदार नसीरीखानाने कंधारचा किल्ला घेतला. सुरुंग उडवून तट पाडतानाचे आणि धुराने भरलेले त्या वेढ्याचे चित्र शहाजहानच्या पादशाहनाम्याच्या सचित्र प्रतीत आहे. ते पयाग या चित्रकाराचे मानले जाते आणि ती प्रत आज इंग्लंडमधील विंडसरच्या राजसंग्रहात आहे. मुखेडपासून काही कोसांवर असलेल्या कंधारची लढाई जगातील अत्यंत नामांकित मोगल चित्रांपैकी एकाचा विषय आहे, ही गोष्ट या भागात अजून पुरेशी ठाऊक नाही. १६३३ मध्ये दौलताबाद आणि १६३६ मध्ये उदगीर व औसा मोगलांकडे गेले.

या पडझडीत परांडा विजापूरकरांच्या हाती आले आणि १६३२ मध्ये मुहम्मद आदिलशहाचा कारभारी मुरार जगदेव याने मुलूखमैदान विजापूरला नेली. भीमा आणि इंद्रायणीच्या संगमावर हत्तीची तुला करून तुळापूरला नाव मिळवून देणारा मुरार जगदेव तो हाच. परांड्याहून विजापूर सरळ रेषेत सुमारे दीडशे किलोमीटर आहे आणि वाटेत भीमेसारखी नदी आहे. दहा हत्ती, चारशे बैल आणि शेकडो माणसे यांनी ही तोफ ओढून नेली, असे परंपरा सांगते. कडकबिजली नावाची तिची जोडीची तोफ वाटेत नदीत बुडाली, असेही सांगितले जाते. काशाची तोफ जिंकणे म्हणजे केवळ एक शस्त्र मिळवणे नव्हते. नगरच्या राज्याने समुद्रापारच्या व्यापारातून आणि रूमी ओताऱ्यांच्या विद्येतून जे कमावले होते, ते चाकावर चढवून दुसऱ्या राजधानीत नेणे असा त्याचा अर्थ होता, आणि म्हणून एवढा खटाटोप विजापूरला योग्य वाटला.

विजापूरच्या पश्चिम तटावर १६५८ च्या सुमारास, दुसऱ्या अली आदिलशहाच्या काळात, शेर्झा बुरूज उभारला गेला. त्याच्यावरील सिंहांच्या शिल्पांमुळे त्याला हे नाव मिळाले आणि मुलूखमैदान त्याच बुरुजावर आहे. १६८६ मध्ये औरंगजेबाने विजापूर जिंकले, तेव्हा त्याने तोफ वितळवली नाही, हलवलीही नाही. विजापूर घेतल्याचा आणि या तोफेवर ताबा मिळवल्याचा लेख तिच्याच अंगावर कोरवून घेतला. एका काशाच्या देहावर अशा रीतीने तिच्या निर्मात्याचे आणि तिच्या अखेरच्या मोठ्या विजेत्याचे असे दोन्ही लेख जवळजवळ १३७ वर्षांच्या अंतराने शेजारी आले.

तोफांना नावे देण्याची, मुख, कान आणि डोळे ओतण्याची ही रीत दख्खनमध्ये सर्वत्र दिसते. दौलताबादच्या किल्ल्यावरील किलाशिकन, म्हणजे किल्ला फोडणारी, ही तोफ मागच्या टोकाला असलेल्या मेंढ्याच्या मस्तकामुळे मेंढा तोफ म्हणून ओळखली जाते. धातूच्या यंत्राला सजीव मानण्याची ओढ माणसात फार जुनी आहे. ग्रीक पुराणकथेतील तालोस हा काशाचा राक्षस क्रीट बेटाभोवती फेऱ्या घालून शत्रूच्या जहाजांवर दगड फेकत असे, आणि आजच्या विज्ञानकथांतील यंत्रमानवांच्या वंशावळीत त्याचे नाव अगदी आरंभी घेतले जाते.  सोळाव्या शतकातील दख्खनी माणसापुढे मात्र अशी वस्तू कल्पनेत नव्हे, तर प्रत्यक्ष उभी होती. दगड फेकणारा, आग ओकणारा आणि सिंहाचे तोंड असलेला काशाचा देह त्याने बुरुजावर पाहिला, आणि त्याला नाव, दंतकथा व आदर देऊन आपल्या जगात सामावून घेतले.

अठराव्या शतकात युद्धाचे तंत्र बदलले. बुरुजावर खिळलेल्या अजस्र तोफेपेक्षा बैलांनी किंवा घोड्यांनी ओढता येणारी, झटपट मांडता येणारी हलकी तोफ अधिक कामाची ठरू लागली आणि या बदलाची मोठी साक्ष मुखेडच्या शेजारीच घडली. १७६० च्या आरंभी सदाशिवरावभाऊंच्या मराठी सैन्याने हैदराबादच्या निजामाला उदगीर आणि औशाच्या परिसरात कोंडले. फ्रेंचांच्या पद्धतीने शिकवलेले इब्राहीमखान गारद्याचे पायदळ आणि तोफखाना या मोहिमेत निर्णायक ठरले. त्यानंतरच्या तहात निजामाने सुमारे साठ लाखांचा मुलूख सोडला. त्यात दौलताबाद आणि बुऱ्हाणपूर यांच्याबरोबर विजापूरही होते. मुलूखमैदान ज्या बुरुजावर होती ते शहर अशा रीतीने उदगीरच्या माळावरील विजयाने, हलक्या तोफांच्या जोरावर, मराठ्यांकडे आले. जड काशाचे युग संपल्याचे याहून स्पष्ट प्रमाण मिळणे कठीण आहे.

त्याच शतकात मराठ्यांच्या हाती काशाचा आणखी एक ठेवा आला होता. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकली आणि तेथील पोर्तुगीज चर्चमधील घंटा विजयाची खूण म्हणून मराठी मुलखात आणल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील १७२१ सालची घंटा आणि वाईजवळ मेणवलीच्या घाटावरील १७०७ सालची घंटा या त्यांपैकी प्रसिद्ध होत. युरोपात युद्धाच्या गरजेपोटी चर्चच्या घंटा वितळवून तोफा ओतल्याची उदाहरणे अनेक आहेत, कारण दोन्ही काशाच्याच. पेशव्यांनाही तोफांची चणचण होती आणि पुढे थोरल्या माधवरावांच्या काळात तोफा व गोळे ओतण्याचे कारखाने काढण्याची वेळ आली. तरी वसईच्या या घंटा भट्टीत गेल्या नाहीत. त्या देवळांत टांगल्या गेल्या, त्यांच्यावरील परक्या धर्माची चिन्हे खरवडली गेली नाहीत, आणि आजही त्या निनादतात. विजयाची खूण पूजेच्या जागी ठेवण्याच्या या निर्णयानेच त्यांना वाचवले.

मुलूखमैदानच्या वाट्याला हे संरक्षण उशिरा आणि थोडक्यात आले. पेशवाई संपल्यावर विजापूर साताऱ्याच्या राज्यात गेले. १८२३ च्या सुमारास मुंबई सरकारच्या मनात ही तोफ इंग्लंडच्या राजाला भेट म्हणून पाठवण्याचे होते आणि त्यासाठी एका अभियंत्याने पाहणीही केली. पण तेव्हाच्या रस्त्यांवरून एवढे ओझे समुद्रापर्यंत नेणे शक्य नव्हते. १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य खालसा झाले. त्यानंतर १८५४ मध्ये साताऱ्याच्या कमिशनरच्या आदेशाने विजापूरमधील निरुपयोगी सरकारी वस्तूंचा लिलाव निघाला आणि त्यात मुलूखमैदानही मोडीत काढली गेली. सर्वांत मोठी बोली आली ती १५० रुपयांची. त्या धातूची किंमत त्याच्या कितीतरी पट होती, परंतु तो फोडून, वितळवून आणि वाहून नेण्याचा खर्च कोण करणार, हा प्रश्न बोली लावणाऱ्यांपुढे होता. रक्कम अगदीच क्षुल्लक आहे आणि लोकांच्या मनात या तोफेविषयी आदर आहे, हे ध्यानात घेऊन तेथील सहायक अधिकाऱ्याने वर कळवले आणि विक्री रद्द झाली. अकरा टन कथील आणि चव्वेचाळीस टन तांबे अशा रीतीने एका कागदी शेऱ्यामुळे वाचले.

या साऱ्या घडामोडींतून दिसते ते असे की काशाच्या वस्तूचे आयुष्य तिच्या मजबुतीवर जितके अवलंबून असते, त्याहून अधिक ते तिच्याकडे पाहणाऱ्या माणसांच्या दृष्टीवर अवलंबून असते. निजामशहाला ती सत्तेची घोषणा वाटली, मुरार जगदेवाला विजयाचा ऐवज वाटला, औरंगजेबाला लेख कोरण्याजोगी शिळा वाटली, लिलाव काढणाऱ्याला भंगार वाटली आणि एका अधिकाऱ्याला ती लोकांच्या स्मृतीचा भाग वाटली. शेवटच्या दृष्टीने तिला वाचवले.

मराठवाड्याच्या संदर्भात हा धडा आजच्या कामाचा आहे. परांडा, औसा, उदगीर आणि कंधार या किल्ल्यांशी निगडित असलेला तोफांचा आणि लेखांचा वारसा मोठा आहे. प्रत्येक तोफेची लांबी, नळीचा व्यास, घडणीची रीत, तिच्यावरील अक्षरे आणि शक्य तेथे धातूचे पृथक्करण यांची नोंद एका ठिकाणी झाली, तर निजामशाही, बरीदशाही, आदिलशाही आणि मोगल यांच्या कारखान्यांची विद्या या भूमीत कशी रुजली आणि कशी पसरली, याचा पट उलगडू शकेल. तालुक्यातालुक्यांच्या शाळा-महाविद्यालयांतील इतिहासाचे आणि रसायनशास्त्राचे विद्यार्थी एकत्र येऊन करू शकतील असे हे काम आहे. गावोगावच्या देवळांतील जुन्या घंटांवर कोरलेली नावे आणि शके यांचीही अशीच नोंद व्हायला हवी, कारण नवी, चकचकीत घंटा आणताना जुनी मोडीत देण्याची पद्धत अजून संपलेली नाही. कासे पुन्हा वितळवता येते, पण त्याच्यावर ओतलेले नाव आणि साल एकदा भट्टीत गेले की ते कोणत्याही विद्येने परत मिळत नाही.